गोवर्धन भाऊजींच्या नावाचं रक्त

आमचे गोवर्धन भाऊजी अमरावतीला राजापेठेत माझ्याकडे आले की चपला दाराबाहेर सोडत नाहीत. हातात घेऊन आत येतात आणि बसतील त्या खुर्चीखाली ठेवतात. मी दर वेळी म्हणते, "भाऊजी, माझ्या क्लासला दहावीची मुलं येतात, चोर येत नाहीत." त्यांचं उत्तरही ठरलेलं. "आन् चोर दहावी शिकत नसते, असं तुले कोनं सांगतलं?"

माणूस असा. दूधवाल्यासमोर दूध बोटावर घेऊन बघणार, गॅसचं सिलिंडर आलं की हलवून बघणार, एसटीत तिकिटावरचं गावाचं नाव दोनदा वाचणार. माझ्या मंजुषाताईला बघायला आले, तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला होता. "फोटोतली ते तुमीच न?" ताई हसली आणि लग्न जमलं. मी मात्र तेव्हापासून त्यांना चिडवायची एकही संधी सोडलेली नाही, आणि एका माणसाने आपल्यासमोर इतकं संशयी असावं याचा मला अजूनही राग येतो.

त्यांचं घर अकोल्याबाहेर, कारखान्यांच्या रांगेपलीकडच्या गावात. भाजीपाला पिकवणारं घर. मेथी, पालक आणि मुख्य म्हणजे सांबार. बाकीचा महाराष्ट्र कोथिंबीर म्हणतो ती. वावर धाकटा भाऊ बंडू सांभाळतो. भाऊजी मात्र जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवणाऱ्या एका कारखान्यात भट्टीवर आहेत. दोघं भाऊ चणीने, चालीने इतके सारखे की मागून हाक मारली तर ताईसुद्धा फसते. स्वभावात मात्र जमीन-अस्मान. बंडूला कोणीही काहीही सांगावं, त्याला ते खरं वाटतं.

कारखान्यात न्हाणीघर आहे. काम संपलं की तिथेच आंघोळ करायची, कामाचे कपडे तिथेच टाकायचे आणि घरचे कपडे घालून बाहेर पडायचं, असं भिंतीवर लिहिलेलंही आहे. भाऊजींना त्यात डाव दिसला. "कारखाना कोनाले फुकटात आंगोय घालते का? आपन आंगोयीले गेलो का हे लोकं कपडे तपासतात, खिसे पायतात." नळाला अर्ध्या वेळा पाणी नसायचं, साबण तर नावालाच, त्यामुळे त्यांचा संशय आणखी घट्ट झाला. ते सरळ कामाच्या कपड्यांवर गाडी मारून घरी यायचे. गाडीचा आवाज आला की माधवी, त्यांची बालवाडीतली मुलगी, ओसरीवरून उडी मारून धावत सुटायची आणि थेट त्यांच्या छातीला चिकटायची. तिच्या बाबतीत या माणसाला कधी कसला संशय आला नाही. जगात विश्वास टाकायला त्यांना तेवढी एकच जागा होती.

या माधवीचं मागच्या वर्षी पोट दुखायला लागलं. दुखायचं, थांबायचं, पुन्हा दुखायचं. शौचाला होईना, जेवण जाईना. पूर्वी धडाधड म्हणायची ती गाणी ती मध्येच विसरायला लागली आणि कोणी आठवण करून दिली की रागाने पाय आपटायची. अकोल्यात एका डॉक्टरने जंताचं औषध दिलं, दुसऱ्याने टॉनिक दिलं.

मग भाऊजींनी तपास हाती घेतला. पहिला नंबर दूधवाल्याचा लागला. त्याला बंद करून दुसरा लावला, पोट दुखतच राहिलं. मग अंगणवाडीतल्या खिचडीची पाळी. तिथे जाऊन त्यांनी बाईंना सगळ्यांसमोर विचारलं की डाळ कुठून आणता, दाखवा. बाई रडकुंडीला आल्या. मग शेजारच्या वावरात फवारणी होते म्हणून शेजाऱ्याशी बांधावर भांडण. ताई फोनवर मला सांगायची, "प्रतीक्षा, गावात आता आमच्याशी बोलाले कोनी राहिलं नाही." सगळ्यात वाईट म्हणजे एके दिवशी त्यांनी स्वतःच्या आईला, पार्वताबाईंना, विचारलं की तू पोरीला लपवून काय चारतेस. म्हातारी त्या दिवशी जेवली नाही.

पार्वताबाई करायच्या काय, तर दुपारभर ओसरीवर बसून सांबाराच्या जुड्या बांधायच्या आणि नातीला सांभाळायच्या. खाली एक मोठं चवाळं अंथरलेलं असायचं. कारखान्यात फोडलेल्या बॅटऱ्यांतली भुकटी ज्या जाड पांढऱ्या पोत्यांतून भट्टीवर येते, ती रिकामी पोती उसवून, एकमेकांना जोडून म्हातारीनेच ते शिवलं होतं. पोती भाऊजींनी आणलेली. ती बाहेर न्यायची नाहीत असा नियम होता, पण गेटवरच्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकून त्यांनी एकेक करून ती घरी आणली. मला ते अभिमानाने दाखवायचे. "पाह्य, पानी पडलं तरी खाली उतरत नाही. बाजारात असा माल भेटन का?" त्या चवाळ्यावर भाजी पडायची, माधवी लोळायची, तिथेच बसून भाकरीचा तुकडा खायची. बंडू तर पोत्यात भाजी भरून बाजारात न्यायचा आणि भाऊजींचे जुने कामाचे कपडे वावरात घालायचा.

आता रक्ताची गोष्ट. शिशाच्या कारखान्यात कामगारांचं रक्त ठरावीक काळाने तपासावं लागतं. यांच्याकडे त्यासाठी नागपूरहून गाडी यायची. गाडी येणार म्हटलं की आठवडाभर आधी भट्टीवर सगळे गूळ आणि केळी खायला लागत. गुळाने शिसं धुऊन निघतं असा तिथे सगळ्यांचा पक्का समज. आजवर कोणालाही स्वतःच्या रक्तातला आकडा सांगितला गेला नव्हता. 'सगळं ठीक आहे' एवढं तोंडी सांगायचे, की झालं.

एकदाच कोणाचं तरी 'ठीक' निघालं नाही. मोतीराम म्हणून परतवाड्याकडचा भट्टीवरचा जुना माणूस होता. त्याचा हात थरथरायला लागला होता. त्याचं रक्त वाईट निघालं, त्याला भट्टीवरून काढून गेटवर बसवलं आणि पुढे कंत्राट संपलं म्हणून घरी पाठवलं. थोड्याच दिवसांपूर्वी त्याने मालकाकडे चांगले मास्क मागितले होते, हे भाऊजींच्या नजरेतून सुटलं नाही. "रक्त नाही तपासत बाई हे लोकं. कोनाले काहाडाचं ते तपासतात." हे मात्र मी हसण्यावारी नेऊ शकले नाही. तो संशय मलाही पटला होता.

म्हणून पुढची गाडी आली तेव्हा भाऊजींनी आपल्या जागी बंडूला पाठवलं. वावरात राबणारा, कारखान्याची पायरी न चढलेला माणूस. त्याचं रक्त गंगाजळासारखं. अंगावर भाऊजींचे कपडे, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, गळ्यात भाऊजींचं ओळखपत्र. भट्टीवरच्या सोबत्यांनी ओळखलं, पण कोणी तोंड उघडलं नाही. बंडू सुईला भितो. त्याने डोळे मिटून हात पुढे केला आणि भाऊजींचं नाव सांगितलं. त्या दिवशी भाऊजी घरी बसून आईला जुड्या बांधू लागत होते. फोटोतली तुम्हीच ना, असं विचारणारा माणूस स्वतःच्या जागी दुसऱ्याला उभा करतो, याला काय म्हणावं?

नेमक्या त्या खेपेला गाडीबरोबर नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तरुण, कमी बोलणाऱ्या. निकाल आल्यावर त्यांनी एकेकाला आत बोलावून आकडा सांगायला सुरुवात केली. भाऊजींना म्हणाल्या, "तुमच्या रक्तात शिसं हद्दीच्या वर आहे. भट्टीवरून तुम्हाला काही काळ बाजूला ठेवावं लागेल. आंघोळ, कपडे बदलणं सगळं इथेच करता ना?"

"हो हो, इथंच," भाऊजींनी ठोकून दिलं. त्यांचं लक्षच नव्हतं. आतून त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी बंडूला घेऊन ते माझ्या दारात हजर. चपला खुर्चीखाली गेल्या आणि त्यांनी टेबलावर हात आपटला. "सापडले! भट्टीवर पाय नाही ठेवला त्या मानसाच्या रक्तात शिसं काहाडलं यायनं! आता कायची तपासनी अन् कायचा डॉक्टर, सांग बरं! मोतीरामचंबी असंच खोटं काहाडलं असन."

मी बंडूकडे पाहिलं. तो बिचारा पाणी पीत होता. खरं सांगायचं तर माझंही डोकं तापलं. एवढा उघड खोटेपणा!

"मग आता?" मी विचारलं.

"बंडूचं रक्त इथं अमरावतीत तपासाचं. त्याच्या खऱ्या नावानं. ते चांगलं निघालं का दोनी निकाल घेऊन कामगारायच्या साहेबापुढं उभा राह्यतो मी."

आमच्या गल्लीच्या टोकाला एक प्रयोगशाळा आहे. तिथले म्हातारे डॉक्टर मला ओळखतात. भाऊजींनी तिथे जो तमाशा केला, तो सांगायलाही लाज वाटते. सुई माझ्यासमोर फोडा, नळी दाखवा, बूच मीच लावतो. शेवटी नळीवर स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावून त्यावर सही केली. डॉक्टर माझ्याकडे बघून नुसतं हसले. नमुना मुंबईला जाणार होता, निकालाला काही दिवस लागणार होते. ते सगळे दिवस भाऊजी मला रोज फोन करून विचारायचे की त्या डॉक्टरकडे अकोल्याचं कोणी आलं होतं का.

निकाल घ्यायला ते बंडूला घेऊन पुन्हा आले. डॉक्टरांनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. चपला तिथेही खुर्चीखाली गेल्याच.

"यांच्या रक्तात शिसं आहे," डॉक्टर म्हणाले. "बरंच आहे."

भाऊजी ताडकन उभे राहिले. "तुमाले अकोल्याहून फोन आलता का?"

"भाऊजी, बसा," मी म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी बंडूला विचारलं, "काम काय करता?"

"सांबार लावतो, मेथी लावतो."

"शिशाचं काही? जुन्या बॅटऱ्या वगैरे?"

"नाही जी. ते आमचा भाऊ करते."

डॉक्टरांनी बंडूच्या अंगावरच्या शर्टाकडे बोट दाखवलं. जाड, करड्या रंगाचा शर्ट होता, खिशावरचं कारखान्याचं चिन्ह उसवलेलं. "हा कुठला?"

"भाऊचाच जुना. वावरात घालाले चांगला राह्यते. पोतेबी भाऊनंच आनले, भाजी भराले."

"कसली पोती?"

भट्टीच्या भुकटीची, असं बंडूने सांगून टाकलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी भाऊजींकडे वळून विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"

भाऊजी स्वतःच्या हातांकडे बघत होते. उत्तर बंडूने दिलं, अगदी सहज. "हाये न. आमची माधवी. तिचं पोट दुखत राह्यते."

भाऊजी उठले आणि बाहेर पडले. आम्ही मागे धावलो तोवर ते अनवाणीच रस्त्याला लागले होते. भर उन्हात, तापलेल्या डांबरावर, दुचाक्यांच्या गर्दीतून ते बसस्टँडच्या दिशेने चालत होते. त्यांच्या चपला डॉक्टरांकडे खुर्चीखाली तशाच राहिल्या होत्या. मी परत फिरून त्या हातात घेतल्या आणि त्यांच्या मागे पळाले. त्या दिवशी मला त्यांना चिडवायचं सुचलं नाही.

माधवीचं रक्त तपासलं. तिचं बंडूपेक्षा वाईट निघालं. मुलांच्या अंगात शिसं लवकर मुरतं, शिवाय ती पार जमिनीवर, त्या चवाळ्यावर वाढत होती आणि तिचा हात सतत तोंडात. ताई त्या दिवशी नवऱ्याला जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही. "साऱ्या गावावर संशय घेतला. मायवर घेतला. त्या अंगनवाडीच्या बाईले रडोलं. अन् इख घेऊन तुमीच येत होते रोज, आंगावर." भाऊजी ओसरीच्या कोपऱ्यात खाली मान घालून ऐकत राहिले. मला ताईचा प्रत्येक शब्द पटत होता आणि तरी तिने आता थांबावं असंही वाटत होतं.

पुढे मात्र त्यांनी एक गोष्ट केली, जी मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हती. ते त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, "मॅडम, ते रक्त माहं नव्हतं." पोत्यांचंही सांगितलं. बाई त्यांच्याबरोबर घरी आल्या. चवाळं झटकायचं नाही, जाळायचं तर मुळीच नाही, ओलं करून पिशवीत बांधायचं, ओसरी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसायची, असं सगळं ताईला उभं राहून करायला लावलं. माधवीला लोहाचं औषध सुरू झालं, दूध, अंडी सुरू झाली आणि पुन्हा पुन्हा रक्त तपासणं आलं. पार्वताबाई नुसत्या विचारत होत्या, "म्या शिवलं का हे? म्या शिवलं?" तुमचा दोष नाही आजी, हे बाईंनी त्यांना परत परत सांगितलं.

मग भाऊजींनी स्वतःचा हात पुढे केला. खरंखुरं त्यांचं रक्त पहिल्यांदाच बाईंच्या नजरेखाली गेलं. ते सगळ्यांत वाईट होतं. भट्टीवरून त्यांना आवारातल्या कामावर आणलं. कारखान्याने बदल्यात त्यांच्यावर पोती चोरल्याची नोटीस काढली. जणू पोरीच्या रक्तात शिसं पोती चोरल्यामुळे आलं, न्हाणीघराच्या नळाला पाणी नव्हतं याचा त्याच्याशी काही संबंध नाही! माझ्या तोंडून तेव्हा काही शिव्या गेल्या. नोटिशीचं अजून भिजत घोंगडं आहे. भाऊजी म्हणतात की डॉक्टरीणबाईंची बदली करायचा घाट चाललाय. खरं असेल, नसेल. पण आता तपासणीची गाडी आली की भट्टीवरचे लोक आकडा ऐकल्याशिवाय खोलीतून उठत नाहीत, आणि हे त्यांना भाऊजींनीच शिकवलं हे सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या महिन्यात मी अकोल्याला गेले होते. माधवीच्या रक्तातलं शिसं उतरतंय, पण सावकाश. पोट दुखणं कमी झालंय. गाणी मात्र ती अजून मध्येच विसरते आणि त्याचं पुढे काय होईल हे कोणताच डॉक्टर छातीठोक सांगत नाही. संध्याकाळी गाडीचा आवाज आला. भाऊजी आता कारखान्यात आंघोळ करून येतात, तिथे पाणी नसलं तर वावरातल्या विहिरीच्या मोटरखाली बसतात आणि मगच घराकडे वळतात. माधवी ओसरीवर उभी राहिली, पण उडी मारली नाही. त्या पहिल्या दिवसांत धावत आली की ते मागे सरकून ओरडायचे, "येऊ नोको! माह्याजवय येऊ नोको!" ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

भाऊजी अंगणात थांबले. ती सावकाश खाली उतरली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आंगोय केली?"

"केली न माय."

"हात दाखवा."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तिने ते उलटे करून पाहिले, नखं पाहिली, मग त्यांना खाली वाकायला लावून त्यांच्या केसांचा वास घेतला. अगदी त्यांच्यासारखीच, दूध बोटावर घेऊन बघणाऱ्या माणसासारखी. भाऊजी गुडघे टेकून हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"कपडे कोनते हायेत?" तिने विचारलं.

"घरचे हायेत," ते म्हणाले.

तिने शर्टाचा खिसा उलटून पाहिला आणि मग ती त्यांच्या मांडीवर बसली.